ओठ गोल झाले होते

५ ऑक्टोबर, रविवार

आज परत तेच. सुलोचनाचा फोन. "अजून राग गेलो नाय काय ओ? बोला तरी कायतरी." आणि दत्ताराम आपला बघतोय स्क्रीनकडे, डोळ्यांतून पाणी. फोन धरणारा महादेव पटकन कॅमेरा डावीकडे फिरवतो, वाकडा झालेला गाल तिला दिसायला नको म्हणून. वर म्हणतो, "काकी, नेटवर्क खराब असा."

नेटवर्क डोंबल! माणसाला ऑगस्टमध्ये पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. समजतं सगळं, अगदी सगळं, पण शब्द निघत नाही. आणि गावी बायकोला काय सांगितलंय, तर हाताला लागलंय.

महादेव त्याच्याच वाडीतला, पुतण्या लागतो. दोघं जबल अलीच्या एकाच गोदामात कामाला. त्याला बाहेर नेऊन झापलं. तर म्हणतो, "बाईनू, काकीक सांगू नकात. एकटी असा घरात, घाबारतली. घराक इले की बघतलीच." त्यांच्याकडे रीतच आहे म्हणे. लांबची वाईट बातमी बाईमाणसाला कळवायची नाही, माणूस दारात आला की कळेलच. वा रे रीत.

राग कसला, तेही आज महादेवकडूनच कळलं. गेल्या खेपेला दत्ताराम निघाला तेव्हा सुलोचना भांडली होती. आता पुरे झाली दुबई, म्हणाली. निघताना त्याच्या हातावर दही घालायला ती स्वयंपाकघरातून बाहेरच आली नाही. तो तसाच जीपमध्ये बसला. आता तो फोनवर बोलत नाही, म्हणजे दह्याचा राग धरलाय असं ती समजतेय.

फोन हिसकावून घ्यावा आणि सांगून टाकावं असं वाटत होतं. नाही केलं तसं. पेशंटच्या घरच्या भानगडीत पडायचं नाही ही मी सेवेला जाते त्या सेंटरची ताकीद आहे.

७ ऑक्टोबर, मंगळवार

मोना आली होती. वाचा-उपचार करणारी, इजिप्तची पोरगी, दर मंगळवारी येते. दत्तारामला चित्रं दाखवते, प्रश्न विचारते आणि मग गप्प बसते. किती वेळ! मला बघवत नाही. कपाच्या चित्रावर तो अडला तर मी मागून "चहा, चहा!" मोनानं वळून बघितलं. मला ती मामा म्हणते, त्यांच्यात आईला तसं म्हणतात. "मामा शैला, नो. ही इज सर्चिंग. शब्द तुम्ही दिलात की त्याचा शोध संपतो." मग छातीवर हात ठेवून म्हणाली, "सबर."

आमच्याकडे सबुरी म्हणतात, तोच हा शब्द दिसतोय. शब्द आपल्या घरी आहे, गुण मात्र माझ्यात नाही.

कुठून येणार? आयुष्य गेलं कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात, नर्स म्हणून. "कुठं दुखतंय पटकन सांगा, मागं रांग आहे." रिटायर झाले, मुलानं, निखिलनं इकडं आणलं, आणि या संस्थेत सहा महिने फुकट सेवा म्हणून लागले. हॉस्पिटलातून सुटलेले पण कामावर न जाऊ शकणारे कामगार इथं राहतात, घरी जायचे कागद होईपर्यंत. मला इथलं लायसन्स नाही, त्यामुळे सुईला हात लावायचा नाही. भरवायचं, कूस बदलायची, हातपाय हलवायचे, शेजारी बसायचं. बसायचं म्हणजे मला शिक्षाच.

संध्याकाळी इरा शाळेतलं काहीतरी सांगत होती. मध्येच म्हणाली, "आजी, यू ऑल्वेज फिनिश माय सेंटेन्स." आठ वर्षांची कार्टी. चिडले तिच्यावर. खरं बोलली म्हणूनच चिडले.

१० ऑक्टोबर

आज स्वतःच्या डोक्यानं एक युक्ती केली. कपबशी, चमचा कशाला? माणसाला जे बोलायचंय तेच शिकवावं. दत्तारामच्या पाकिटात बायकोचा फोटो आहे, देवळाच्या पायरीवर बसलेली. तो धरला समोर. "ही कोण? बोला. सु... सु..."

पहिल्यांदा बघत राहिला. दुसऱ्यांदा मान फिरवली. तिसऱ्यांदा डाव्या हातानं फोटो पालथा घातला. मी म्हटलं, "अहो, बायकोचं नाव घ्यायला लाजता काय या वयात?" डोळेच मिटून घेतले. रुसला बाबा. मलाही राग आला. सूपची वाटी आपटून ठेवली, थोडं सांडलंही. मग मीच पुसलं.

१२ ऑक्टोबर, रविवार

आजचा दिवस लिहून ठेवायलाच हवा.

कामगारांच्या कॅम्पात कोकणातल्या पोरांचं रविवारी भजन असतं. पेटी, पखवाज, टाळ, सगळं खोलीतल्या खोलीत. महादेव म्हणाला काका पूर्वी पुढं बसायचे. व्हीलचेअर ढकलत नेलं. दाटीवाटीनं पोरं बसलेली, दारात चपलांचा ढीग. आरतीला सगळे उठले. मी टाळ्या वाजवत होते आणि कानाशी एक घोगरा आवाज. बघते तर दत्ताराम! शब्द फुटतायत! सगळे नाहीत, कडव्याचा शेवट, धृपद. पण शब्द! महादेवनं टाळ खाली ठेवला आणि लहान मुलासारखा रडायला लागला. मीही.

मला काय धीर निघतो? खोलीच्या बाहेर येते ना येते तोच फोन लावायला लावला सुलोचनाला. "दत्ताराम, म्हणा, आता म्हटली ती आरती म्हणा!" तोंड उघडलं, मिटलं. काहीच नाही. पलीकडून ती, "काय ओ? कोणाची आरती?" महादेवनं फोन बंद केला.

१४ ऑक्टोबर

मोनाला सांगितलं तर आनंदानं माझे हात धरले. म्हणाली, गाणं मेंदूत दुसरीकडे असतं. पाठ असलेलं, सवयीचं, आपोआप येतं. ठरवून बोलायचं ते वेगळं. "पण दार आहे, मामा. घाई केलीत तर तो घाबरून आतून कडी लावेल."

मी विचारलं, बोलेल का घरी जायच्या आधी? खांदे उडवले. इन्शाल्ला.

कंपनीचा पीआरओ, व्हिसा-कागदपत्रं बघणारा, म्हणतो कागद महिनाभरात. माझेही सहा महिने डिसेंबरच्या सुरुवातीला संपतायत. दोघांचंही जायचं एकदमच येणार असं दिसतंय. त्याच्या आधी त्यानं तिला एवढं सांगावं, की राग नाही. दुसरं मला काही नको.

१७ ऑक्टोबर

आज स्वतःशी ठरवून गेले होते. प्रश्न विचारून तोंडावर हात ठेवून बसायचं. "पाणी हवं की चहा?" बसले. कावळाही ओरडून गेला. शेवटी तो म्हणाला, "चा."

खणखणीत. शेजारच्या खाटेवरच्या नेपाळी पेशंटलासुद्धा मिठी मारायचीच बाकी होती. चहात साखर जास्त घातली दत्तारामच्या. असू दे एक दिवस.

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

लिहवत नाही, तरी लिहिते.

सुनेनं, केतकीनं फराळाचा डबा दिला होता. चिवडा त्याला चालत नाही, बेसनाचा लाडू कुस्करून भरवला. संध्याकाळी फोन. सुलोचना नवी साडी नेसून, मागं पणत्या. म्हणाली, "दिवाळी असा आज. आज तरी बोला. मी दही घातलंय नाय, चुकलंय. कान धरतंय, बघा." आणि खरंच कान धरला बाईनं, फोनसमोर.

दत्तारामचा चेहरा असा कधी बघितला नव्हता. मानेच्या शिरा ताठ. डावा हात माझ्या मनगटावर घट्ट. आणि ओठ गोल झाले. अगदी स्पष्ट गोल. घशात काहीतरी आलं होतं. आता येणार, आता येणार. सुलोचनासुद्धा श्वास रोखून.

आणि मी मेली. ओठ गोल दिसले, मला वाटलं 'सु' येतंय. म्हटलं, "सु... सुलोचना! म्हणा, सुलोचना!"

त्यानं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. दमून. ओठ मिटले. मनगट सोडलं. सुलोचना म्हणाली, "ऱ्हवांदे, बाईनू. तेंका बोलूचा नाय." फोन बंद झाला.

महादेव मला चार शब्द बोलला असता तर बरं वाटलं असतं.

२४ ऑक्टोबर

पहाटे दत्तारामला दुसरा झटका. सेंटरवरून फोन आला तेव्हा हॉस्पिटलात नेलं होतं. जीव आहे. गिळता येत नाही, नाकातून नळी. हाक मारली की डोळे उघडतो, परत मिटतो.

निखिल म्हणाला, "आई, तुझा काही संबंध नाही, दुसरा झटका असाही येतो." मला माहीत आहे. मी नर्स होते, मला कळतं. तरी दिवाळीचा तो फोन परत परत आठवतो.

२८ ऑक्टोबर

आता लपवण्यात अर्थ उरला नव्हता. महादेवनं आमच्या घरी येऊन फोन लावला आणि त्याच्या तोंडून शब्दच फुटेना. हुंदके. फोन मी घेतला. सेंटरची ताकीद गेली खड्ड्यात.

सगळं सांगितलं. ऑगस्टपासूनचं. वाचा गेलीय, समजतं सगळं, बोलता येत नाही म्हणून बोलत नव्हते. हात दुखावलेला नाही, निकामी आहे. आता दुसऱ्यांदा झालंय.

वाटलं होतं टाहो फोडेल. ती कितीतरी वेळ गप्प. मी पण गप्प राहिले, पहिल्यांदाच. मग विचारलं तिनं, "म्हणजे... माझ्यार रागावलेले नाय?"

मी म्हटलं, "नाही हो, कधीच नाही."

तेव्हा रडली. माझा आवाज ऐकून केतकी आतून आली, मला पाणी दिलं.

२ नोव्हेंबर, रविवार

दत्ताराम परत सेंटरवर. नळी आहे. 'चा' गेला. आज पोरं टाळ घेऊन खोलीत आली, हळू आवाजात आरती म्हटली. तो नुसता छताकडे. ओठ हललेसुद्धा नाहीत. पोरं चपला घालून मुकाट निघून गेली.

नंतर सुलोचनाचा फोन. आता कॅमेरा सरळ धरला, वाकडा गाल, नळी, सगळं दिसू दिलं. ती बघत राहिली. "बारीक झालेत," एवढंच.

मी बोलायला काहीतरी हवं म्हणून म्हटलं, तुमचं नाव म्हणवून घेत होते मी त्यांच्याकडून, खूप प्रयत्न केला. तिला हसू आलं, रडता रडता. "नाव? माजा नाव कित्या घेतीत? लग्नाक इतकी वर्सां झाली, एकदाय नावान हाक मारल्यानी नाय. सुलोचना पासपोर्टाच्या कागदार. गावात माका कोण सुलोचना म्हणत नाय."

मग काय म्हणतात?

"'गो' म्हणतत. 'गो, चाय हाड.' 'गो, खंय गेलंस?' आणि काय म्हणतले?"

गो.

फोन महादेवकडे दिला आणि बाथरूममध्ये जाऊन बसले. गो. म्हणून बघितलं आरशासमोर. घशातून येतो आणि ओठ गोल होतात.

४ नोव्हेंबर

मोनाला विचारलं. सगळं सांगितलं, दिवाळीचं, ओठांचं. तिच्याकडे नवऱ्यानं नाव न घेणं वगैरे नसतं, तिला समजावायला वेळ लागला. मग म्हणाली, असेल. नसेलही. ओठ गोल झाले म्हणजे शब्द आलाच असता असं नाही. "वी विल नेव्हर नो, मामा."

ही पोरगी खोटं बोलत नाही, म्हणून मला आवडते आणि म्हणूनच आज नको वाटली. खोटं बोलली असती तर काय बिघडलं असतं?

इतके दिवस त्या माणसाच्या तोंडासमोर मी परक्या बाईचं नाव नाचवत होते. फोटो पालथा घातला तो लाजून नव्हे. आमच्या वडिलांनीही आईला कधी नावानं हाक मारली नाही. अगं, ऐकलंस का, शैलेच्या आई. मला हे माहीत नव्हतं का? अंगात मुरलेली गोष्ट, आणि कामाच्या घाईत आठवली नाही. पासपोर्टाच्या झेरॉक्सवर विश्वास ठेवला.

९ नोव्हेंबर

सुलोचनानं आज वेगळंच केलं. फोन डब्याला टेकवून ठेवला आणि समोर बसून तांदूळ निवडायला लागली. बोलली नाही. मी विचारलं, काही सांगायचंय का त्यांना? म्हणाली, "नाय. ते असले घराक की मी अशीच बसतंय. ते पडवेत, मी हय. बोलूक कशाक होया?"

इकडे मी फोन धरून. हात अवघडला तेव्हा पाण्याच्या बाटलीला टेकवला. दत्ताराम बघत होता. तिकडे सुपातले खडे टिपण्याचा आवाज. मध्येच तिनं मांजराला हाकललं. दत्तारामचे डोळे मांजरामागे गेले.

मी उठून काहीतरी करावं म्हणून चुळबुळत होते. चादर ओढ, घड्याळ बघ. मग बसले. नुसती. तांदूळ निवडून होईपर्यंत.

१६ नोव्हेंबर

आता रोजचंच झालंय. तिचं काम, इकडे हा. कधी नारळ सोलते, कधी धुणं. एक शब्द नाही. परवा तिनं फोनसमोर केस विंचरले आणि एकदम लाजून बाजूला सरकली. दत्ताराम हसला. अर्ध्या तोंडानं, पण हसला.

नळी काढली. पातळ भरवते. एक घास, मग वाट बघायची, गिळला की दुसरा. घाई केली की ठसका लागतो, म्हणजे जिवाशीच खेळ. आता माझा हात आपोआप थांबतो. हे सहा महिन्यांपूर्वी यायला हवं होतं. निदान दिवाळीच्या आधी.

२३ नोव्हेंबर

कागद झाले. गुरुवारचं विमान, स्ट्रेचरवरून, महादेव सोबत.

सुलोचनाला सांगितलं. ती म्हणाली, "बाईनू, एक काम करशात? निघताना तेंच्या हातार दही घाला. माझ्या वाटचा."

मी म्हटलं, अहो, दही बाहेर निघालेल्याला घालतात, घरी जाणाऱ्याला कशाला? म्हणाली, "तेवा घातलंय नाय मा. तेवाचा घाला."

२७ नोव्हेंबर, गुरुवार

गेले.

केतकीनं विरजलेलं दही वाटीतून नेलं होतं. ॲम्ब्युलन्सवाला दारात "यल्ला, यल्ला" करत घाई लावतोय. मी वाटी घेऊन उभी. उजव्या हाताची मूठ वळलेली, उघडत नाही. डाव्या हातावर दही कोण घालतं? महादेव म्हणाला, "डाव्यार घाला बाईनू, चालतला." मी म्हटलं थांबा. ड्रायव्हरला सांगितलं थांब रे बाबा. आणि एकेक बोट सोडवलं, जसं व्यायामाला सोडवते तसं. करंगळीपासून. वेळ लागला. तळहात उघडला, त्यावर दही घातलं. म्हटलं, "हे त्यांनी पाठवलंय. तेव्हाचं राहिलेलं."

हात त्याच्या तोंडाशी मीच नेला. चाखलं. डोळे भरून वाहत होते, माझ्याकडे बघत होता, तोंड उघडं. मी वाट बघितली. ड्रायव्हरनं हॉर्न दिला तरी वाट बघितली. काही आलं नाही. मग दार लागलं.

त्याची खाट धुतली. सगळीकडे फिनेलचा वास. घरी आले ते सरळ झोपले.

३० नोव्हेंबर

महादेवचा मेसेज, पोचले. वाडीतली माणसं जमली होती. काकी पुढं आली नाही, पडवीत खाट घालून ठेवली होती, तिथंच उभी राहिली. काकांना ठेवल्यावर पायाशी बसली. बास, एवढंच लिहिलंय. मी दहा प्रश्न टाईप केले आणि खोडले.

४ डिसेंबर

सेंटरवर शेवटचा दिवस. केक आणला होता. मोनानं गळ्यात पडून परत तोच शब्द कानात सांगितला, सबर. मी म्हटलं, उशिरा शिकले गं.

घरी इरा चित्राबद्दल सांगत होती. अडली, आठवेना तिला, "द... द... व्हॉट्स इट..." मला येत होतं. गप्प बसले. तिनं तोंडाकडे बघितलं माझ्या. मग सापडलं तिला स्वतःलाच. "लाइटहाउस!" पळाली खेळायला.

५ डिसेंबर, शुक्रवार

उद्या विमान, कोल्हापूरला परत. बॅगा भरल्या.

दुपारी सुलोचनाचा आवाजी मेसेज. लांबलचक. सुरुवातीला ती, "बोला ओ, बाईनू आयकतत." मग काही नाही. कोंबडी. कुणीतरी कळशी ठेवली. वाऱ्यानं काहीतरी आपटलं. मी भरलेल्या बॅगेवर बसून ऐकत राहिले. मध्ये पुढं सरकवलं नाही.

अगदी शेवटाला एक आवाज. घोगरा, घशातला. 'ग' सारखा. खोकलाही असेल. कण्हणंही असेल. त्यावर सुलोचना काही बोलत नाही, मेसेज तिथंच संपतो.

खाली तिनं लिहून पाठवलंय, कुणाकडून तरी लिहून घेतलं असेल: आयकलात?

परत ऐकला नाही. 'हो' लिहिलं की झालंच मागच्यासारखं, शब्द मीच दिला. 'नाही' लिहवत नाही. फोन हातात घेऊन खिडकीशी बसले. खाली मुलं सायकल फिरवतायत, केतकी चहाला हाका मारतेय.

मग एवढंच लिहिलं, ऐकतेय. उद्या परत पाठवा.